इंगळे बाई आणि किसनरावची दुनळी

गूळ घरी आणला की माणसं गूळ खातात. इंगळे बाई आधी कागद वाचायच्या.

पुडीचा दोरा त्यांनी कधी तोडला नाही. गाठ नखानं सोडवायची, दोरा बोटाला गुंडाळून पिशवीत टाकायचा, पुडीत जे काय असेल ते समोर दिसेल त्या भांड्यात ओतायचं, आणि कागद टेबलावर सपाट करून उभ्याउभ्या वाचायला लागायचं. एकदा त्यांनी माझ्या चहाच्या कपात मूठभर फुटाणे ओतले. मी म्हटलं, "बाई, चहा होता त्यात." तर म्हणाल्या, "थांबा हो मास्तर! इथं एका माणसानं विहिरीत पडलेला बैल काढला, पण कसा काढला थे फाटलं हाय." पुढचे चार दिवस बाई त्या बैलासाठी हळहळत होत्या.

ही गोष्ट जळगाव जामोदची. महाराष्ट्र होऊन दहा-अकरा वर्षं झाली असतील. तिथल्या हायस्कुलात मी चित्रकलेचा मास्तर आणि बाई इतिहास-नागरिकशास्त्राच्या. मी मेहकरचा, त्या अमडापूरच्या. म्हणजे दोघंही जिल्ह्याच्या खालच्या अंगाचे आणि बदलीनं पार वर, सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन पडलेले. मी आळशी माणूस, लपवून काय करू? शाळा सुटली की खोलीवर जाऊन आडवं व्हायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. बाईंनी ती काही पुरी होऊ दिली नाही.

बाई बुटक्या, सावळ्या, आणि चालायला अशा झपाट्याच्या की बरोबरच्या माणसानं पळावं. एका चपलेचा अंगठा कायम सेफ्टी पिनेवर. वर्गात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलत. पण आनंद झाला किंवा राग आला की आतलं अमडापूर बाहेर यायचं. 'का' जाऊन 'काऊन' आलं की पोरं सावध व्हायची. मी तर दाराबाहेरूनच कान देऊन ऐकत असे आणि मग आत जायचं की नाही ते ठरवत असे.

आणि त्यांचा तो एक शब्द! पुरावा. पोरगं म्हणालं, ताप आला होता, की "पुरावा?" मुख्याध्यापकांनी एका भाषणात आपल्या आजोबांनी काठीनं वाघ मारल्याचं सांगितलं, तर पहिल्या रांगेतून बाईंचा आवाज, "कोणत्या साली, सर?" सर पुढचं भाषणच विसरले. एकदा मात्र त्या फसल्या. एक पोरगा दोन आठवड्यांनी शाळेत आला आणि म्हणाला, "बाई, माहा बाप वारला." बाईंच्या तोंडून सवयीनं शब्द निघून गेला. पोरानं मुकाट्यानं टोपी काढून तुळतुळीत डोकं दाखवलं. बाईंचा चेहरा असा उतरला की विचारू नका. त्यांनी त्याला जवळ घेतलं, आणि महिनाभर आपल्या डब्यातली अर्धी भाकर त्याला देत होत्या.

मी एकदा विचारलं, "बाई, ही पुराव्याची खोड लागली कुठून?" त्या वेळी त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, "आमचे बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले त्या वर्षी मले म्हणाले, पोरी, आपल्या आज्या-पणज्यायनं काय काय केलं असल, पण कुठी लिहून नाही. लिहून नाही म्हणजे झालंच नाही असं लोक म्हणतात. तवा जिथं कोणाचं लिहून दिसल, थे सोडू नको." मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणून सोडत नाही. गुळाले लागलेलं बी सोडत नाही."

तर तो कागद गुळाचाच होता.

मधली सुट्टी होती. बाईंनी पुडी सोडली, गूळ माझ्या रंगाच्या वाटीत ठेवला आणि दोन ओळी वाचून जी किंकाळी फोडली, ती ऐकून शिपाई घंटा घेऊन धावला. "मास्तर! काऊन झोपून राह्यले? हे पाहा!" मी पाहिलं. चिकट, पिवळा, अर्धा फाटलेला कागद. नागपूरच्या कोण्या नेमबाजीच्या सामन्याची बातमी. मातीच्या तबकड्या हवेत उडवायच्या आणि त्या बंदुकीनं फोडायच्या, असला सामना. त्यात लिहिलं होतं, की सर्वांना चकित करणारी गोष्ट म्हणजे वऱ्हाडातील एका शेतकरी स्त्रीने लुगड्याचा काष्टा घालून मैदानात उतरून बावीस तबकड्या फोडल्या आणि भल्याभल्या शिकाऱ्यांना मागे टाकले. ही स्त्री जळगाव जामोद भागातील असून तिचे नाव... आणि तिथं फाटलेलं.

"नाव!" बाई म्हणाल्या. "नेमकं नावच!"

अर्ध्या तासात आम्ही किराणा दुकानात. दुकानदार शेठ बिचारा घाबरला. "बाई, गूळ खराब निघाला का?"

"गूळ गेला खड्ड्यात! ह्या कागदाचा दुसरा तुकडा कुठी हाय?"

"आता थो कुठी राहीन? त्याच्यात जिरं गेलं असल, नाही तं हळद. रद्दी कोण्या वकिलाच्या घरची हाय, दहा वर्सं जुनी. मी काय पुडी बांधताना वाचून पाह्यतो?"

"काऊन नाही वाचत?" बाई म्हणाल्या. शेठनी रद्दीचा ढीग पुढं ढकलला. आम्ही दोघं दोन संध्याकाळी त्या ढिगात बसलो. मला शिंकांवर शिंका. दुसरा तुकडा काही मिळाला नाही. मी म्हटलं, संपलं एकदाचं. पण बाईंच्या डोळ्यांत नुसते दिवे लागलेले. "मास्तर, नाव नाही, पण गाव हाय! दहा वर्सांपयलेची गोष्ट. जित्ती असल अजून!"

मग काय, दिसेल त्याला विचारणं सुरू. बँडवाला, डाकवाला, बाजारात भाजी विकायला आलेल्या बाया. सगळ्यांचं उत्तर एकच. "बाई कुठची? नागपूरले बंदूक मारून तं किसनराव वानखडे आले होते. ढाल आणली त्यायनं. वाचनालयात फोटू हाय ना." किसनराव पायथ्याच्या एका गावचे शेतकरी. आदल्या वर्षीच वारले होते. आणि त्यांच्या त्या नेमबाजीच्या गोष्टी! चहाच्या टपरीवर चौघांनी चार सांगितल्या, आणि प्रत्येकीत फोडलेल्या तबकड्या वाढत गेलेल्या.

वाचनालयातला फोटो आम्ही पाहिला. उंचापुरा, मिशाळ माणूस, एका हातात ढाल, दुसऱ्या हातात दुनळी बंदूक खांद्याला लावलेली. बाई खट्टू झाल्या. म्हणाल्या, बातमीदारानं काही तरी घोळ घातला असेल. मी आपला चित्रकलेचा मास्तर. मला माणसाच्या चेहऱ्याआधी मापं दिसतात. मी सहज बोलून गेलो, "ह्या बंदुकीचा दस्ता आखूड आहे. इतक्या लांब हाताच्या माणसाला ही खांद्याला लावायची तर कोपर पोटात घालावं लागेल. बघा कसा आखडून उभा आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग फोटोकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमी झोपता काऊन? जागे असले की सोनं बोलता." आणि वाचनालयाच्या पायऱ्या उतरून ठाण्याकडे निघाल्यासुद्धा.

बंदूक ठाण्यात जमा होती, कारण परवाना किसनरावांच्या नावाचा आणि परवानाधारक वारलेला. हवालदाराची पोरगी बाईंच्या वर्गात. त्यामुळं बंदूक टेबलावर आली. बारा बोअरची दुनळी. लाकडी दस्ता मागून तीन बोटं करवतीनं कापलेला, आणि त्या कापलेल्या टोकावर हातानं शिवलेली जाड गादी. गादीचं कापड हिरवं, आणि त्याला लुगड्याचा लाल काठ! बाईंनी काठावरून बोट फिरवलं. मग कुणाला काही कळायच्या आत बंदूक उचलून खांद्याला लावली. "बसली! मास्तर, माह्या खांद्याले बसली! ही बाईमाणसाच्या मापाची हाय!"

"बाई, खाली ठेवा!" हवालदार टेबलामागं वाकून म्हणाला. "माही नोकरी जाईन!"

बंदूक खाली ठेवल्यावर त्यानंच पुढचं सांगितलं. किसनरावच्या बायकोनं, यमुनाबाईनं, परवाना आपल्या नावावर करून मागितला होता. पहाडाच्या पायथ्याचं वावर, रानडुकरं रोज येतात. पण अर्ज परत आला. अर्जदार स्त्री असून तिला बंदूक चालवता येत असल्याचा पुरावा नाही, असा शेरा. दिवाळीपर्यंत कुणी परवानाधारक पुढं आला नाही तर बंदूक सरकारजमा.

बाई परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाल्या, "मीच पोरायले विचारतो ना, पुरावा? आता मीच आणतो."

रविवारी आम्ही एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढं पायी त्या गावाला गेलो. पायी म्हणजे बाई पायी, मी धावत. यमुनाबाई वावरात होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हातात पत्र्याचा डबा आणि काठी. बंदूक गेल्यापासून डबा वाजवून डुकरं हाकायच्या. अर्धी ज्वारी आडवी झालेली दिसत होती. बाई आपल्या सवयीनं धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, थांबल्या, नाव सांगितलं, गाव सांगितलं. यमुनाबाई म्हणाल्या, "तिथं काऊन उभ्या? या ना मांडवात." आणि आपल्याच गडव्यातलं पाणी पुढं केलं.

पण सामन्याचं नाव काढताच त्यांनी डबा उचलला. "थे त्यायनं मारलं. मले काय समजते? मी डबे बडवणारी बाई."

बाईंनी तो गुळाचा कागद काढला आणि वाचला. वर्गात वाचतात तसा, स्वच्छ, हळू. यमुनाबाई ऐकत होत्या. "पुन्हा वाचा," म्हणाल्या. बाईंनी पुन्हा वाचला. बावीस तबकड्या, या शब्दांशी यमुनाबाईंनी एकदम हात आडवा केला.

"बावीस नाही, तेवीस! एक थाळी फुटली होती, बिलकूल फुटली होती, पण थ्या चष्मेवाल्या पंचाले दिसली नाही!"

बोलून गेल्या आणि पदर तोंडावर घेतला. बाईंनी माझा दंड इतका जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी काळा-निळा होता.

मग सगळं निघालं. किसनराव रातांधळे. परवाना त्यांचा, पण रात्री राखणीला माळ्यावर बसायच्या यमुनाबाई. दिवसाही किसनरावचा बार डुकराला सोडून बोरीला लागायचा. बंदूक मोठी पडते म्हणून सुताराकडून दस्ता कापून घेतला. सराव हवा म्हणून कुंभाराकडून मडक्यावरच्या झाकण्या आणल्या. नवरा फेकायचा, बायको फोडायची. दौऱ्यावरच्या जंगलखात्याच्या एका साहेबानं हे पाहिलं आणि नागपूरच्या सामन्याचं सांगितलं. तिथं कारकुनानं परवाना पाहून परवान्यावरचं नाव लिहिलं, किसनराव वानखडे. बार मारायला उभी राहिली ही. आधी लोक हसले, मग हसले नाहीत. ढालीवर नाव आलं ते वहीतलं.

परवाना नवऱ्याचा आणि बार बायकोचा, हे कायद्यात बसतं का, असं माझ्या मनात आलं. मी ते मनातच ठेवलं.

"अन् गावात?" बाईंनी विचारलं.

"गावात काय! एष्टीतून उतरलो तं सारं गाव डफडं घेऊन उभं. त्यायच्या गळ्यात हार. त्यायनं दोनदा तोंड उघडलं सांगाले, पण डफड्यात कोणाले ऐकू येते? दुसऱ्या दिवशी सांगाची लाज वाटली. तिसऱ्या दिवसापासून सवय झाली." यमुनाबाई हसल्या. "पण घरी ढाल टांगली तवा म्हणे, यमुने, हे तुही हाय. मी म्हटलं, राहू द्या."

बाई उभ्याच राहिल्या. "मावशी, आता काही अडत नाही! हा कागद हाय, नागपूरले लिहून पंचाची साक्ष आणतो, मास्तरायच्या अक्षरात अर्ज करतो. पेपरात छापून आणतो. सांगून टाकू साऱ्यायले का नेमबाज तुमी होत्या!"

यमुनाबाईंचा चेहरा बदलला. "नाही बाई."

"काऊन?"

"बंदूक मले पायजे. ज्वारी आली तवापासून डुकरं माह्या डोळ्यासमोर खाऊन राह्यले. पण साऱ्या गावानं त्यायले मान देला. आता थे गेल्यावर लोकायनं म्हणाव का हा खोटा होता? थ्या माणसानं दहा वर्सं मले थाळ्या फेकून देल्या, बाई. कोणता नवरा देते? त्यायले खोटं पाडून बंदूक नाही पायजे मले. शब्द द्या, का सांगसान नाही."

बाईंनी शब्द दिला. द्यावाच लागला.

परतीच्या एसटीत बाईंनी तो गुळाचा कागद चारदा उघडला आणि चारदा मिटला. आयुष्यभर शोधत होत्या तशी गोष्ट हातात आली होती, आणि हात बांधलेले. दुसऱ्या दिवशी शाळेत त्या दिवसभर पुस्तकी मराठी बोलल्या. मधल्या सुट्टीतसुद्धा! मला इतकं वाईट वाटलं की मी आपणहून त्यांच्यासाठी जिऱ्याची पुडी आणली. त्यांनी ती सोडलीही नाही. खरं सांगतो, त्या दिवशी मला यमुनाबाईंचा रागच आला होता. दिवाळीला वीस दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी मी वर्गात झाडाचं पान शिकवत होतो, तर बाई दारात. चपला हातात. "मास्तर! कागदच पायजे असं कोण म्हटलं?"

"तुम्हीच म्हणता, बाई. रोज."

"मीच म्हणतो! अन् मीच बावळट हाय! शेऱ्यात काय लिहिलं? चालवता येत असल्याचा पुरावा नाही. दहा वर्सांपयले काय केलं हे कोण विचारलं? आज येते का, एवढंच ना? तं चालवून दाखवू! किसनरावायचं नाव बी घ्यायची गरज नाही!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काहीही कळलं नव्हतं.

जिल्ह्याहून परवान्याचे साहेब त्याच आठवड्यात दौऱ्यावर येणार होते. बाईंनी त्यांना विश्रामगृहाच्या पायरीवरच गाठलं. काय बोलल्या देव जाणे. मी फाटकाशी उभा होतो, मला फक्त तीन 'काऊन' ऐकू आले. साहेब तरुण होते, हौशी होते. हसून म्हणाले, "ठीक आहे. उद्या सकाळी, गावाबाहेरच्या नाल्यात. हवालदार बंदूक घेऊन येतील. सहा काडतुसं."

सकाळी कोरड्या नाल्याच्या काठावर निम्मं गाव. बाईंनी कुंभाराला आदल्या दिवशीच गाठून टोपलीभर झाकण्या आणलेल्या. यमुनाबाईंनी बंदूक हातात घेतली, उघडली, नळीतून आभाळ पाहिलं, गादीवरची धूळ पदरानं पुसली. बस, तेवढ्यानंच साहेबांची मान सरळ झाली. माणूस कामाचा आहे हे हातावरून कळतंच की.

फेकायला एक शिपाई उभा केला. त्यानं पहिली झाकणी फेकली ती वीतभर उंच जाऊन धप्पकन खाली. यमुनाबाईंनी बार काढलाच नाही. दुसरीही तशीच. त्या बंदूक खाली करून म्हणाल्या, "सायेब, हा थाळी फेकून राह्यला का भाकर थापून राह्यला?" लोक खदखदले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. दुसरा कोण फेकणार? फेकणारा तर गेला होता.

तेवढ्यात बाईंनी पदर खोचला, चपला काढल्या आणि नाल्यात उतरल्या. हाताला लागली ती झाकणी त्यांनी जिवाच्या आकांतानं भिरकावली, ती सुटली उलटी, साहेबांच्या जीपवर! ड्रायव्हर ओरडला. मग यमुनाबाईंनी सांगितलं, "हात लांब ठेवा बाई, अन् कमरेतून फेका. मले पाहू नका, आभाळाले पाहा." बाईंनी आभाळाकडं पाहिलं आणि फेकली.

झाकणी वर गेली, फिरत, चांगली वर. धाड! आणि आभाळात नुसती लाल भुकटी.

माणसं ओरडली. मी ओरडलो. मी, ज्याला जांभई द्यायचाही कंटाळा! दुसरी, धाड! तिसरी! चौथी गेली तिरपी, नाल्याच्या पार, ती जवळजवळ जमिनीला टेकता टेकता फुटली. पाचवीही. सहावी चुकली, आणि यमुनाबाई स्वतःवरच चिडून म्हणाल्या, "हट्!" बाई नाल्यात लहान पोरीसारख्या उड्या मारत होत्या.

साहेब पुढं आले. कौतुकानं म्हणाले, "वा, बाई! कुणी शिकवलं? तुमचे यजमान मोठे नेमबाज होते म्हणे. त्यांनीच शिकवलं असेल?"

सगळं गाव ऐकत होतं. बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. शब्द दिला होता ना. मी माझ्या चपलांकडं पाहू लागलो.

यमुनाबाईंनी बंदूक उघडून रिकामी काडतुसं काढली. "हाव सायेब," त्या म्हणाल्या. "त्यायच्यामुळंच आलं. थाळी फेकाले त्यायच्यावानी कोणी झाला नाही."

खोटं काय होतं यात? काही नाही. आणि एक म्हातारा, किसनरावांचा दोस्त असावा, तो मान हलवत म्हणाला, "खरं हाय." त्याला किती ठाऊक होतं, मला आजही कळलेलं नाही.

अर्ज तिथंच जीपच्या बॉनेटवर भरायचा ठरलं. अक्षर बरं म्हणून मला बसवलं. नाव, गाव, वय. बंदूक कशासाठी पाहिजे, असा रकाना आला. साहेब म्हणाले, "लिहा, पीक संरक्षण." मी लिहिलं.

"अन् नेमबाजी बी लिवा," यमुनाबाई म्हणाल्या.

साहेबांनी वळून पाहिलं. हवालदारानं पाहिलं. यमुनाबाई ताठ उभ्या होत्या, मान जराशी वर. "दोन्ही करतो मी," त्या म्हणाल्या. "पीक बी राखतो, नेमबाजी बी करतो."

"लिहा," साहेब म्हणाले.

मी आयुष्यात पुष्कळ अक्षरं काढली. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहिले, मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका लिहिली. पण त्या चार अक्षरांइतकं जपून काही लिहिलं नाही. मान वर करून पाहतो तर बाई जीपच्या पलीकडं, ड्रायव्हरच्याच खांद्यावर डोकं टेकून हमसून रडत होत्या, आणि तो बिचारा झाकणीनं जीपला पडलेला पोचा विसरून अवघडून उभा होता.

दिवाळीच्या आदल्या दिवशी परवाना आला. यमुनाबाई किसनराव वानखडे, असं स्वच्छ नाव.

पुढच्या वर्षी माझी बदली मेहकरला झाली. मनासारखी बदली, आणि मला आनंदच होईना! निरोप घ्यायला बाईंच्या खोलीवर गेलो तर कुलूप. शेजारीण म्हणाली, "रविवारचं बाई इथं कुठी सापडतात? वानखडेच्या वावरात पाहा."

गेलो. ज्वारी निघालेली, वावर मोकळं. मध्यभागी बाई, पदर खोचलेला, ओटीत झाकण्यांचा ढीग. पलीकडं यमुनाबाई बंदूक घेऊन. आणि साऱ्या शाळेला धाक दाखवणाऱ्या आमच्या बाई मान खाली घालून बोलणी खात होत्या. "तुमाले किती डाव सांगतलं, हात लांब! शिकवता पोरायले, अन् सोता काही शिकत नाही!" "हो मावशी," बाई म्हणाल्या आणि फेकली. फुटली. मी धुऱ्यावरून टाळी वाजवली.

यमुनाबाई मांडवात येऊन बसल्या. बंदूक पुसता पुसता, कुणाकडंही न पाहता, त्यांनी विचारलं, "बाई, थे नागपूरचं तुमी लिवलं का कुठी?"

"नाही मावशी. शब्द देला होता तुमाले. थो कागद ट्रंकेत ठेवला हाय."

यमुनाबाईंनी दोन्ही नळ्या पुसल्या. दस्ता पुसला. मग म्हणाल्या, "लिवा आता. माहं नाव मले भेटलं, आता कोणाचं हिसकून घ्या लागत नाही. गावालेबी माईत झालं असल, इतके काही आंधळे नसतात लोक. फक्त पयले लिवजा का थाळी थे फेकत होते. मंग बाकीचं."

"काय म्हणल्या?" बाई ओरडल्या आणि ताडकन उठल्या. ओटी सुटली. सगळ्या झाकण्या दगडावर! वीस-पंचवीस असतील, एक शाबूत राहिली नाही.

"अवं माय!" यमुनाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "आता ह्या तं तुमी बिनबंदुकीच्याच फोडल्या!"

आणि हसायला लागल्या, त्या थांबेचनात. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते असं, अनवाणी, खापऱ्यांच्या मधोमध, दोन्ही हातांनी यमुनाबाईंना गच्च धरून, हसतही होत्या आणि रडतही होत्या. निरोप घ्यायला आलेला मी धुऱ्यावर उभा होतो, आणि माझ्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं.